महाराष्ट्र विधानसभा नियम

महाराष्ट्र विधानसभा नियम हे महाराष्ट्र राज्याच्या विधानसभेची कार्यपद्धती आणि कामकाजाचे चालन ठरवणारे नियम आहेत. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २०८ ने दिलेल्या अधिकारात सभागृह ते स्वतः करते. सदस्यांची शपथ, अध्यक्ष व उपाध्यक्षांची निवड, प्रश्नोत्तरे, लक्षवेधी सूचना, विधेयके, अर्थसंकल्प, समित्या, मतदान आणि सभागृहातील शिस्त हे सर्व विषय या नियमांत येतात.

विधानसभेची मुदत पाच वर्षांची असते. प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीनंतर नवी विधानसभा अस्तित्वात येते. तिच्यासाठी नियम मात्र नव्याने केले जात नाहीत. आधीच्या विधानसभेचे नियम पुढील विधानसभेस लागू राहतात आणि सभागृहाला आवश्यक वाटेल तेव्हा त्यांत दुरुस्ती होते. त्यामुळे नव्या सभागृहाच्या पहिल्या काही दिवसांत कोणता नियम कसा लावला जातो आणि मध्येच तो कसा बदलला जातो, या बाबींना राजकीय महत्त्व येते. २०१९ ते २०२२ या काळात महाराष्ट्रात याच प्रश्नांवर राज्यपाल, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेले.

== घटनात्मक आधार ==

संविधानातील पुढील अनुच्छेद विधानसभेच्या नियमांशी थेट संबंधित आहेत.

* अनुच्छेद २०८ (१) : राज्य विधानमंडळाचे प्रत्येक सभागृह, संविधानाच्या तरतुदींच्या अधीन राहून, आपली कार्यपद्धती व कामकाजाचे चालन यांसाठी नियम करू शकते.
* अनुच्छेद २०८ (२) : असे नियम होईपर्यंत, संविधानाच्या प्रारंभापूर्वी त्या प्रांताच्या विधानमंडळास लागू असलेले नियम व स्थायी आदेश, अध्यक्ष किंवा सभापती करतील त्या फेरबदलांसह अंमलात राहतात.
* अनुच्छेद २०८ (३) : विधानपरिषद असलेल्या राज्यात दोन्ही सभागृहांमधील संदेशवहनाचे नियम राज्यपाल हे अध्यक्ष व सभापती यांच्याशी विचारविनिमय करून करतात.
* अनुच्छेद १७६ : प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या पहिल्या अधिवेशनाच्या प्रारंभी राज्यपाल अभिभाषण करतात. त्यावरील चर्चेसाठी वेळ ठेवण्याची तरतूद सभागृहाच्या नियमांत असणे बंधनकारक आहे.
* अनुच्छेद १८९ : सभागृहातील निर्णय उपस्थित व मतदान करणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने होतात. गणपूर्ती दहा सदस्य किंवा एकूण सदस्यसंख्येचा एक दशांश, यांपैकी जी संख्या अधिक असेल ती. २८८ सदस्यांच्या महाराष्ट्र विधानसभेत ही संख्या २९ होते.
* अनुच्छेद २१२ : कार्यपद्धतीत अनियमितता झाली एवढ्याच कारणावरून विधानमंडळाच्या कामकाजाच्या वैधतेस न्यायालयात आव्हान देता येत नाही.

संसदेच्या सभागृहांना असाच अधिकार अनुच्छेद ११८ ने दिला आहे. नियम करण्याचा अधिकार सभागृहाचा असला, तरी तो संविधानाच्या चौकटीतच वापरावा लागतो. उदाहरणार्थ, गणपूर्तीची संख्या किंवा विधानसभेच्या विसर्जनाबरोबर प्रलंबित विधेयके व्यपगत होणे (अनुच्छेद १९६) या गोष्टी संविधानानेच ठरवल्या आहेत. त्या नियमाने बदलता येत नाहीत.

== इतिहास ==

मुंबई इलाख्याच्या विधिमंडळाची सुरुवात १८६१ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टने झाली. गव्हर्नरच्या या कौन्सिलची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये भरली. त्या काळी कौन्सिल स्वतःचे कामकाज स्वतः ठरवण्यास मोकळे नव्हते. १९१९ च्या सुधारणांनंतर विस्तारलेल्या कौन्सिलला स्वतंत्र अध्यक्ष मिळाला आणि १९२१ मध्ये सर नारायण गणेश चंदावरकर त्या पदावर आले.

१९३५ च्या भारत सरकार कायद्याने मुंबई प्रांतात विधानसभा व विधानपरिषद अशी दोन सभागृहे निर्माण केली. या कायद्याच्या कलम ८४ ने प्रांतिक सभागृहांना आपले नियम करण्याचा अधिकार दिला. काही बाबी मात्र गव्हर्नरच्या हाती राखून ठेवल्या. नवे नियम होईपर्यंत जुने नियम चालू ठेवण्याची सोयही त्यात होती. हीच रचना पुढे संविधानाच्या अनुच्छेद २०८ मध्ये आली.

१७५ सदस्यांच्या पहिल्या मुंबई विधानसभेचे अध्यक्ष म्हणून १९३७ मध्ये गणेश वासुदेव मावळणकर निवडले गेले. पुढे तेच लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. १९४६ मध्ये कुंदनमल फिरोदिया आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर दत्तात्रय काशिनाथ कुंटे हे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. कुंटे १९६७ मध्ये कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. त्यांच्यानंतर सयाजी लक्ष्मण सिलम अध्यक्ष झाले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेव्हा तेच अध्यक्षपदी होते. १९६२ च्या निवडणुकीनंतर त्र्यंबक शिवराम उर्फ बाळासाहेब भारदे अध्यक्ष झाले आणि १९७२ पर्यंत त्या पदावर राहिले.

विधानसभेची सदस्यसंख्या १९६२ मध्ये २६४, १९६७ मध्ये २७० आणि १९७८ पासून २८८ आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर कामकाजाची भाषा म्हणून मराठी दृढ झाली. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा, हरकतीचा मुद्दा, तालिका अध्यक्ष, पटलावर ठेवणे, अशासकीय ठराव ही नियमांतील परिभाषा त्यानंतर वृत्तपत्रांतूनही रुळली.

== नव्या विधानसभेचे प्रारंभीचे कामकाज ==

सार्वत्रिक निवडणुकीनंतर पुढील क्रम साधारणपणे पाळला जातो.

# हंगामी अध्यक्ष : जुने अध्यक्ष नव्या विधानसभेच्या पहिल्या बैठकीच्या लगतपूर्वीपर्यंत पदावर राहतात (अनुच्छेद १७९). त्यानंतर रिक्त झालेल्या पदाची कर्तव्ये पार पाडण्यासाठी राज्यपाल एका सदस्याची हंगामी अध्यक्ष म्हणून नेमणूक करतात (अनुच्छेद १८०). सामान्यतः ज्येष्ठ सदस्याला हा मान देण्याचा प्रघात आहे. तो संविधानात किंवा कायद्यात लिहिलेला नाही.
# शपथ : प्रत्येक सदस्य अनुच्छेद १८८ अन्वये शपथ घेतो किंवा प्रतिज्ञा करतो. त्याशिवाय त्याला सभागृहात बसता किंवा मत देता येत नाही.
# अध्यक्षांची निवड : नियम ६ अन्वये होते. उपाध्यक्षांची निवड नियम ७ अन्वये होते; तिला अनेकदा काही महिने लागतात.
# विश्वासदर्शक ठराव : संविधानात या ठरावाचा नावाने उल्लेख नाही. तथापि मंत्रिमंडळ विधानसभेस सामूहिकरीत्या जबाबदार असल्यामुळे (अनुच्छेद १६४) राज्यपाल बहुमत सिद्ध करण्यास सांगू शकतात.
# राज्यपालांचे अभिभाषण : दोन्ही सभागृहांच्या एकत्रित बैठकीपुढे होते. त्यानंतर आभारप्रदर्शक ठरावावर चर्चा होते.
# समित्यांची रचना : कामकाज सल्लागार समिती, नियम समिती, लोकलेखा समिती, अंदाज समिती, विशेषाधिकार समिती इत्यादी समित्या नव्याने गठित केल्या जातात.

या संपूर्ण क्रमात नियम स्वीकारण्याचा स्वतंत्र ठराव नाही. सदस्य शपथ घेतो त्या क्षणापासून चालू नियम त्याला बांधतात.

=== २०१४ ===

१२ नोव्हेंबर २०१४ रोजी हरिभाऊ बागडे अध्यक्षपदी निवडले गेले. त्याच दिवशी देवेंद्र फडणवीस यांच्या मंत्रिमंडळावरील विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत झाल्याचे जाहीर करण्यात आले. शिवसेना व काँग्रेसच्या सदस्यांनी मतविभाजनाची मागणी केली होती. आवाजी मतदानात कोणी कोणत्या बाजूने मत दिले याची नोंद राहत नाही. अल्पमतातील सरकारचे बहुमत अशा पद्धतीने ठरावे काय, हा प्रश्न त्या वेळी चर्चेत आला.

=== २०१९ ===

२०१९ मध्ये नेहमीचा क्रम सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बदलला. २६ नोव्हेंबर २०१९ च्या आदेशात न्यायालयाने हंगामी अध्यक्ष नेमून दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाचपर्यंत सदस्यांच्या शपथा पूर्ण कराव्यात, त्यानंतर लगेच बहुमत चाचणी घ्यावी, ती गुप्त मतदानाने घेऊ नये आणि तिचे थेट प्रक्षेपण करावे, असे सांगितले. आदेशानंतर त्याच दिवशी देवेंद्र फडणवीस यांनी राजीनामा दिला. २७ नोव्हेंबर रोजी हंगामी अध्यक्ष कालिदास कोळंबकर यांनी सदस्यांना शपथ दिली.

उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळाने ३० नोव्हेंबर रोजी १६९ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला. त्या वेळी दिलीप वळसे-पाटील हंगामी अध्यक्ष होते. हंगामी अध्यक्ष बदलण्यास विरोधी पक्षाने हरकत घेतली व सभात्याग केला. अध्यक्षपदी नाना पटोले यांची अविरोध निवड दुसऱ्या दिवशी, १ डिसेंबर रोजी झाली. म्हणजेच विश्वासदर्शक ठराव आधी आणि अध्यक्षांची निवड नंतर, असा क्रम लागला.

=== २०२४ ===

२० नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीनंतर पंधराव्या विधानसभेचे विशेष अधिवेशन ७ ते ९ डिसेंबर या काळात झाले. हंगामी अध्यक्षपदी पुन्हा कालिदास कोळंबकर होते. पहिल्या दिवशी महाविकास आघाडीच्या बहुतेक सदस्यांनी मतदानयंत्रांच्या प्रश्नावर शपथ न घेता निषेध नोंदवला आणि दुसऱ्या दिवशी शपथ घेतली. ९ डिसेंबर रोजी राहुल नार्वेकर अविरोध अध्यक्ष झाले व विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत झाला. उपाध्यक्षपदी अण्णा बनसोडे यांची निवड मार्च २०२५ मध्ये झाली.

== नियम समिती व दुरुस्तीची पद्धत ==

नियमांतील बदलांचा विचार नियम समिती करते. विधानसभेचे अध्यक्ष तिचे पदसिद्ध प्रमुख असतात. समितीचा अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवला जातो. त्यानंतर सदस्यांना शिफारशींवर सुधारणा सुचवण्यासाठी दहा दिवसांची मुदत असते. सूचना आल्यास त्यांवर विचार होतो. न आल्यास शिफारशी मान्य झाल्या असे समजून दुरुस्ती प्रसिद्ध केली जाते. साध्या बहुमताने नियम बदलता येत असल्याने ही मुदत अल्पसंख्य बाजूच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते. घाईने नियम बदलू नयेत, हा तिचा हेतू होय.

एखाद्या कामापुरता नियम स्थगित करण्याची सोयही आहे. अध्यक्षांच्या संमतीने प्रस्ताव मांडून सभागृह तसा निर्णय घेऊ शकते. नियमांत तरतूद नसलेल्या बाबींवर अध्यक्ष निर्देश देतात. त्यांचे निर्णय पुढे दाखले म्हणून वापरले जातात.

== अध्यक्षांच्या निवडणुकीच्या नियमातील बदल (२०२१) ==

नाना पटोले यांनी ४ फेब्रुवारी २०२१ रोजी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर सुमारे सतरा महिने हे पद रिक्त राहिले आणि उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी कामकाज पाहिले.

तोवर नियम ६ अन्वये एकापेक्षा अधिक उमेदवार असल्यास अध्यक्षांची निवड गुप्त मतदानाने होत असे. डिसेंबर २०२१ च्या मुंबईतील हिवाळी अधिवेशनात नियम समितीच्या शिफारशीवरून नियम ६ व ७ मध्ये दुरुस्ती करण्यात आली. तिचे मुख्य भाग दोन होते :

* अध्यक्ष व उपाध्यक्षांची निवड गुप्त मतदानाऐवजी खुल्या पद्धतीने, आवाजी मतदानाने करणे;
* राज्यपालांनी निवडणुकीची तारीख मुख्यमंत्र्यांच्या शिफारशीवरून निश्चित करणे.

सूचना देण्यासाठी असलेली दहा दिवसांची मुदत या वेळी एक दिवसावर आणण्यात आली. दुरुस्तीच्या समर्थकांचे म्हणणे असे की, लोकसभेत व अनेक राज्यांत अध्यक्षांची निवड खुल्या पद्धतीनेच होते आणि त्यामुळे मतांच्या घोडेबाजाराला आळा बसतो. विरोधकांच्या मते, अध्यक्षांना पक्षनिरपेक्ष पाठिंबा मिळावा यासाठी गुप्त मतदान आवश्यक होते आणि सरकारला स्वतःच्या सदस्यांवर विश्वास नसल्याने ते काढून टाकण्यात आले.

राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी दुरुस्तीच्या घटनात्मकतेबद्दल शंका व्यक्त करून निवडणुकीची तारीख दिली नाही. परिणामी २८ डिसेंबर २०२१ रोजी अपेक्षित असलेली निवडणूक झाली नाही. दुरुस्तीला आमदार गिरीश महाजन व अन्य एका याचिकाकर्त्याने मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती एम. एस. कर्णिक यांच्या खंडपीठाने ९ मार्च २०२२ रोजी त्या याचिका फेटाळल्या.

सत्तांतरानंतर ३ जुलै २०२२ रोजी अध्यक्षांची निवडणूक खुल्या पद्धतीने, शिरगणती करून झाली. राहुल नार्वेकर यांना १६४ आणि राजन साळवी यांना १०७ मते मिळाली. दुसऱ्या दिवशी एकनाथ शिंदे यांच्या मंत्रिमंडळाने १६४ विरुद्ध ९९ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला. ज्या पक्षांनी दुरुस्ती केली होती, ते या वेळी तिच्यामुळे कोणताही लाभ मिळवू शकले नाहीत. ज्यांनी तिला विरोध केला होता, त्यांचाच उमेदवार बदललेल्या पद्धतीने निवडून आला.

== सदस्यांचे निलंबन व नियम ५३ ==

नियम ५३ अन्वये गंभीर गैरवर्तन करणाऱ्या सदस्यास अध्यक्ष त्या दिवसापुरते सभागृहाबाहेर जाण्यास सांगू शकतात. त्याच अधिवेशनात पुन्हा तसे घडल्यास उर्वरित अधिवेशनापुरते बाहेर राहण्याचा आदेश देता येतो.

५ जुलै २०२१ रोजी भारतीय जनता पक्षाच्या १२ सदस्यांना सभागृहाच्या ठरावाने एक वर्षासाठी निलंबित करण्यात आले. तालिका अध्यक्षांशी गैरवर्तन केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. आशिष शेलार व अन्य सदस्य सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी निर्णय देताना, चालू अधिवेशनाच्या पलीकडचे निलंबन असंवैधानिक व बेकायदेशीर ठरवले.

न्यायालयाच्या विवेचनात मतदारांचा प्रश्न केंद्रस्थानी होता. एखाद्या सदस्याची हकालपट्टी झाली तर जागा रिक्त होते आणि लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १५१-अ अन्वये सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. वर्षभराच्या निलंबनात मात्र जागा रिक्त होत नाही आणि मतदारसंघाला सभागृहात आवाजही राहत नाही. त्यामुळे असे निलंबन हकालपट्टीहून अधिक कठोर ठरते.

== न्यायालयीन पुनर्विलोकनाची मर्यादा ==

अनुच्छेद २१२ मुळे कार्यपद्धतीतील अनियमिततेची तपासणी न्यायालये करत नाहीत. कृती मुळातच बेकायदेशीर किंवा संविधानाशी विसंगत असेल तर मात्र तपासणी होऊ शकते. २०२१-२२ मधील वरील दोन प्रकरणांत हा भेद स्पष्ट दिसतो : निवडणुकीची पद्धत ठरवण्याच्या सभागृहाच्या निर्णयात न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही; नियमाच्या पलीकडे जाऊन केलेले निलंबन मात्र रद्द केले.

पक्षांतरबंदीसाठी संविधानाच्या दहाव्या अनुसूचीखाली १९८६ मध्ये स्वतंत्र नियम करण्यात आले. सुभाष देसाई विरुद्ध प्रधान सचिव, महाराष्ट्राचे राज्यपाल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी असा निर्णय दिला की, प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा असतो. त्यामुळे अध्यक्षांनी भरत गोगावले यांना शिवसेनेचे प्रतोद म्हणून दिलेली मान्यता बेकायदेशीर ठरली.

== इतर सभागृहांशी तुलना ==

महाराष्ट्र विधानपरिषदेत ७८ सदस्य आहेत. ते स्थायी सभागृह असून दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. त्यामुळे तेथे नव्या मुदतीचा प्रश्नच उद्भवत नाही. परिषदेचे नियम वेगळे आहेत व क्रमांकही भिन्न आहेत. विधानसभेत नियम २९३ अन्वये होणाऱ्या चर्चेसारखी चर्चा परिषदेत नियम २६० अन्वये होते.

लोकसभेत संविधानोत्तर काही वर्षे अध्यक्षांनी फेरबदल केलेले जुने नियम चालले आणि अनुच्छेद ११८ (१) अन्वये सभागृहाने स्वतः संमत केलेले नियम १९५७ पासून अंमलात आले. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सचे बहुतांश स्थायी आदेशही एका संसदेकडून दुसरीकडे चालू राहतात. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात याउलट पद्धत आहे. तेथे दर दोन वर्षांनी नवी काँग्रेस भरते तेव्हा सभागृह प्रारंभीच नियम नव्याने स्वीकारते. प्रत्यक्षात बहुतेक नियम जुनेच असतात, परंतु हवे ते बदल पहिल्याच दिवशी उघड चर्चेला येतात. महाराष्ट्रात सातत्य अधिक आहे. बदल मात्र मुदतीच्या मध्ये, एखाद्या तातडीच्या प्रसंगी होण्याचा संभव राहतो.

== स्थानिक स्वराज्य संस्थांशी तुलना ==

आपले नियम आपण करण्याचा हा अधिकार स्थानिक संस्थांना विधानसभेइतका नाही. रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्याचे उदाहरण यासाठी घेता येते. खारघर परिसरातील बेलपाडा यांसारख्या गावांचा कारभार पूर्वी ग्रामपंचायतीकडे होता. ग्रामसभेच्या बैठका व गणपूर्ती महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाने ठरतात. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाली. महानगरपालिकेच्या सभांची कार्यपद्धती महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम व त्याच्या अनुसूचीतील नियमांनी ठरते. दोन्ही अधिनियम राज्य विधानमंडळाचे आहेत. म्हणजे ग्रामसभेत किती ग्रामस्थ हजर हवेत, हे विधानमंडळ ठरवते. विधानसभेत अध्यक्ष कसा निवडावा, हे मात्र विधानसभा स्वतःच ठरवते. त्यामुळे विधानसभेचे नियम न्याय्य राहतील याची जबाबदारी प्रामुख्याने तिच्या सदस्यांवर आणि त्यांना निवडून देणाऱ्या मतदारांवर येते.

== हे सुद्धा पहा ==

* महाराष्ट्र विधानसभा
* महाराष्ट्र विधानपरिषद
* महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष
* भारतीय संविधानाची दहावी अनुसूची
* पनवेल विधानसभा मतदारसंघ